चिपळूण ते दादर: चक्करेचे कारण शोधणाऱ्या कानाच्या तपासण्या

२७ नोव्हेंबर २०२३ रोजी गुरुनानक जयंतीमुळे बँकेला सुट्टी होती, म्हणून मी जरा उशिरा उठले. अंथरुणात उठून बसताच समोरची भिंत एकाच दिशेने सरकू लागली आणि काही केल्या थांबेना. न्हाणीघराकडे जाताना माझा झोक सतत डावीकडे जात होता. यजमानांनी धरले नसते तर मी उंबऱ्यातच पडले असते. दुपारपर्यंत पोटात पाणीही ठरेना, तेव्हा चिपळूणमधल्याच एका रुग्णालयात मला दाखल केले. माझे वय ४६ आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या मनात पहिली भीती पक्षाघाताची होती, मात्र तो शब्द कोणी उच्चारत नव्हते.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मात्र तो उच्चारला आणि त्याच दिशेने प्रश्न विचारले. एकाच्या दोन वस्तू दिसतात का, बोलताना जीभ अडखळते का, हात किंवा पाय जड पडला आहे का, गिळताना ठसका लागतो का, कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी आहे का, आधाराशिवाय बसताच येत नाही असे होते का. चक्करेबरोबर यांपैकी काहीही असेल तर कानाचा विचार नंतर, आधी मेंदूची तपासणी होऊ शकेल असे रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी माझ्या यजमानांना स्पष्ट सांगितले. माझ्या बाबतीत यातले काही नव्हते; ऐकू येणेही कमी झाले नव्हते. तरीही वय आणि रक्तदाब पाहून दुसऱ्या दिवशी मेंदूचा एमआरआय काढला. त्याचे ६,५०० रुपये झाले आणि अहवाल निर्दोष आला. ३० नोव्हेंबरला घरी सोडले तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ‘तीव्र व्हर्टिगो (म्हणजे गरगरणारी चक्कर), कारण तपासाधीन’ असे लिहिलेले होते. ही ओळ पुढे विम्याच्या कामात किती महत्त्वाची ठरणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा विचित्र गेला. गरगरणे थांबले होते, पण मी पूर्ववत झाले नव्हते. मान पटकन वळवली की दृश्य क्षणभर पुसट होऊन मग जागेवर येई. काउंटरवर बसल्यावर संगणकाचा पडदा, समोरचा ग्राहक आणि बाजूचे व्हाउचर यांच्यात नजर फिरवण्याचे काम दिवसभर चालते. दुपारी बारापर्यंतच मळमळू लागे. अंधारात जिना उतरणे अशक्य झाले आणि स्कूटर तर मी बंदच केली. त्यातच सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कोणी पित्त म्हटले, कोणी अशक्तपणा, कोणी दृष्ट काढली. एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढायला लावून मणक्यांची झीज दाखवली आणि सगळा त्रास मानेचाच असल्याचे सांगून पट्टा दिला. चाळिशीनंतर अशी झीज काहीही त्रास नसलेल्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसते, हे मला नंतर कळले. पट्टा लावून मान अवघडली आणि चक्कर होती तिथेच राहिली.

१२ डिसेंबरला मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिली दहा मिनिटे नुसते प्रश्न विचारले, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, म्हणून त्यांची उत्तरे आधीच कागदावर लिहून नेणे सोयीचे असते. खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते की नुसताच तोल जातो? एक झटका किती वेळ टिकतो, काही सेकंद, काही तास की काही दिवस? कूस बदलल्यावर येतो का? त्या वेळी कानात आवाज येतो का, कान दडपतो का, ऐकू येणे कमी-जास्त होते का? चक्करेच्या आजारांची पहिली वाटणी या उत्तरांवरच होते. काही सेकंदांचे आणि कूस बदलल्यावर येणारे झटके बहुधा आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरल्याने येतात. काही तास टिकणारी चक्कर आणि तिच्यासोबत कानात आवाज व कमी-जास्त होणारे ऐकणे असेल तर मेनिएर या आजाराची शंका घेतली जाते. माझी चक्कर सलग दोन दिवस टिकली होती आणि कानाची दुसरी कोणतीही तक्रार नव्हती.

त्यानंतर त्यांनी मला टेबलावर बसवून, मान एका बाजूला वळवून झटकन मागे आडवे केले आणि डोळ्यांकडे पाहत राहिले. मग हेच दुसऱ्या बाजूने केले. या डिक्स-हॉलपाइक चाचणीत कण सरकल्याची खूण डोळ्यांत दिसते. ती माझ्यात दिसली नाही. मग त्यांच्या नाकाकडे पाहत राहायला सांगून त्यांनी माझे डोके हातांत धरले आणि अचानक थोडेसे उजवीकडे, मग डावीकडे फिरवले. ‘‘डावीकडे वळवलं की तुमची नजर निसटते आणि उडी मारून परत येते,’’ ते म्हणाले.

त्यांच्या टेबलावर आतल्या कानाची प्लास्टिकची प्रतिकृती होती. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. गवंड्याच्या पाणसळीप्रमाणे त्यांच्यात द्रव असतो आणि डोके हलले की त्याची बातमी मज्जातंतूमार्फत मेंदूला जाते. डोके स्थिर असतानाही दोन्ही कानांकडून सारखे संदेश जात असतात. एका बाजूचे अचानक बंद पडले की मेंदू त्या फरकाचा अर्थ ‘डोके फिरते आहे’ असा लावतो, आणि डोळे त्याप्रमाणे हलू लागतात. नेमके काय आणि किती बंद पडले आहे हे पाहण्यासाठी व्हीएनजी (कॅमेऱ्याने डोळ्यांच्या हालचाली टिपणे), व्हीएचआयटी (डोके झटकन फिरवून नजर स्थिर राहते का ते मोजणे) आणि व्हेम्प (मोठ्या आवाजाला स्नायूंचा प्रतिसाद मोजणे) या चाचण्या करून घ्या, असे त्यांनी लिहून दिले. त्यांच्याकडे ऐकण्याची चाचणी होत होती, बाकी यंत्रे नव्हती. माझी नणंद ठाण्याला राहते, म्हणून दादरचे एक केंद्र सुचवले गेले.

केंद्राला फोन केला तेव्हा आधी संदर्भपत्राचा फोटो मागितला आणि मग १६ जानेवारी २०२४, सकाळी दहाची वेळ दिली. जवळजवळ महिनाभर थांबायचे होते. यातल्या काही चाचण्या दिवसातून दोन-तीन रुग्णांच्याच होऊ शकतात, कारण एकेकाला दोन-अडीच तास लागतात. कोणी वेळ रद्द केली तर कळवा असे सांगून ठेवता येते; मी सांगून ठेवले होते, पण चिपळूणहून आयत्या वेळी निघणे शक्य नसल्याने त्याचा उपयोग झाला नाही.

त्यानंतर व्हॉट्सॲपवर सूचनांचा कागद आला. चक्करेच्या, झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या चाचणीपूर्वी ४८ तास बंद ठेवायच्या, कारण त्या कानाचा आणि डोळ्यांचा प्रतिसाद दाबतात. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, हृदयविकार किंवा फिट यांची औषधे मात्र थांबवायची नाहीत, आणि कोणतीही गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. मी फोनवर विचारून माझ्या दोन्ही चक्करेच्या गोळ्या १४ तारखेच्या सकाळपासून बंद केल्या. मद्य, चहा आणि कॉफी आदल्या दिवसापासून बंद. चाचणीआधी तीन-चार तास काही खायचे नाही आणि त्याआधीचे खाणेही हलके ठेवायचे. डोळ्यांत काजळ किंवा पापण्यांना काही लावायचे नाही, कारण कॅमेरा काळ्या बाहुलीचा माग काढतो आणि काजळाची रेघ त्याला फसवते. कानात मळ असेल तर आधी काढून घ्यायचा. पडद्याला भोक असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी सांगायचे. सोबत कोणीतरी हवेच. यातली चहाची अट मला सर्वांत जड गेली, हे लिहायला हरकत नाही.

प्रवासाचा प्रश्न वेगळाच होता. दादरऐवजी कुंभार्ली घाटातून कराडमार्गे पुण्याला जाणे हा एक पर्याय होता, पण त्या वळणांचा विचारही सहन होत नव्हता. गणपतीत गाजलेली कोकण रेल्वेची गर्दी जानेवारीत नसते, तरी मी महिनाभर आधी तुतारी एक्स्प्रेसचे आरक्षण केले. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना खालचा बर्थ देण्याची सोय आरक्षणात असते, तिचा फायदा झाला. वरच्या बर्थवर चढणे मला तेव्हा जमलेच नसते. रात्रभर गाडीत काढून थेट चाचणीला जाणे टाळावे म्हणून १४ तारखेच्या रविवारी रात्री निघालो आणि १५ तारखेला पहाटे ठाण्याला उतरलो. त्या दिवशी संक्रांत होती. गोळ्या बंद असल्याने अस्थिरपणा वाढला होता. वन्संनी तिळगूळ हातावर ठेवला तो मी बसूनच घेतला आणि दुपारभर पडून राहिले.

१६ तारखेला सकाळी सहाला मऊ भात खाऊन आम्ही निघालो. ठाण्याहून दादरला त्या वेळच्या लोकलने जाण्याचे धाडस केले नाही; टॅक्सीला सुमारे पाचशे रुपये लागले. केंद्रात नोंदणीचे ३०० रुपये आणि सर्व चाचण्यांचे एकत्रित ७,८०० रुपये आधी भरून घेतले. सुटे दर पाहिले तर व्हीएनजी ३,५००, व्हीएचआयटी २,०००, व्हेम्प २,००० आणि श्रवणचाचणी १,००० होते, म्हणजे एकत्र केल्याने थोडे वाचले. एवढे पैसे नसतील तर सगळे एकदम करायलाच हवे असेही नाही. कोणती चाचणी आधी उपयोगी पडेल हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारता येते. बिलावर प्रत्येक चाचणीचे नाव आणि रक्कम वेगळी लिहून मागा, नुसते ‘पॅकेज’ लिहिलेले चालवून घेऊ नका. कारण पुढे सांगते.

मग संमतिपत्र आणि पंचवीस प्रश्नांचे एक पत्रक भरायचे होते. वर पाहिल्यावर त्रास वाढतो का, अंथरुणातून उठताना वाढतो का, घराबाहेर एकटे जायची भीती वाटते का, सुपरमार्केटच्या मांडण्यांमधून चालताना वाढतो का, अशा प्रश्नांना ‘हो’, ‘कधी कधी’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायचे असते. ‘हो’ला चार, ‘कधी कधी’ला दोन, असे शंभरपैकी गुण धरतात. माझे ५८ आले. सुपरमार्केटचा प्रश्न मी आमच्या बाजारपेठेतल्या गल्लीवरून सोडवला. आपला त्रास असा अंकात मांडलेला पाहून मला अनपेक्षितपणे बरे वाटले, कारण पन्नास दिवस मी जे सांगत होते ते इथे छापील प्रश्नांच्या रूपात आधीच हजर होते.

तपासणी करणारी ऑडिओलॉजिस्ट मुलगी पंचविशीची असेल. तिने प्रथम दोन्ही कानांत दुर्बीण घालून पाहिले आणि बंद खोलीत ऐकण्याची चाचणी घेतली: बारीकशी शीळ ऐकू आली की बटण दाबायचे. मग कानात रबरी बोळा घालून हवेचा दाब कमी-जास्त करून पडदा नीट हलतो आहे का ते पाहिले. दोन्ही कानांचे ऐकणे उत्तम निघाले. यात अर्धा तास गेला आणि त्यात घाबरण्यासारखे काहीच नाही.

पुढची व्हीएचआयटी म्हणजे चिपळूणच्या डॉक्टरांनी हातांनी केलेली तीच परीक्षा, फक्त कॅमेरा बसवलेल्या घट्ट चष्म्यासह. समोर मीटरभर अंतरावर भिंतीवर एक ठिपका होता. त्याच्यावर नजर ठेवायची आणि ती मागे उभी राहून माझे डोके लहानसा पण अतिशय जलद झटका देऊन कधी उजवीकडे, कधी डावीकडे फिरवणार. दिशा आधी कळू देत नाहीत. प्रत्येक दिशेला वीसेक झटके झाले, नंतर मान तिरकी करून वर-खाली असेच केले, म्हणजे सहाही नलिका एकेक करून तपासल्या गेल्या. मानेचा काही आजार असेल तर या चाचणीआधी सांगणे अत्यावश्यक आहे. पट्टा देण्यापूर्वी काढलेला तो मानेचा एक्स-रे मी सोबत नेला होता. तिने तो डॉक्टरांना दाखवून आणला आणि मगच हात लावला. तेवढा एक उपयोग त्या एक्स-रेचा झाला.

व्हीएनजीच्या पहिल्या भागात नुसते डोळे पळवायचे होते. पडद्यावरचा ठिपका उड्या मारतो तेव्हा त्याच्याबरोबर उडी मारायची, संथ सरकतो तेव्हा संथ सरकायचे, पट्ट्या धावतात तेव्हा त्या पाहायच्या. हा भाग कानाचा नसून मेंदू डोळ्यांना नीट चालवतो आहे का ते पाहण्याचा असतो. त्यानंतर चष्म्यावर झाकण लावून पूर्ण अंधार केला. अंधारात डोळे उघडे ठेवायचे. आतला अवरक्त कॅमेरा ते पाहत राहतो. मला काहीच जाणवत नव्हते, पण वन्संना पडद्यावर माझे डोळे दिसत होते: हळूहळू डावीकडे सरकत आणि झटक्याने उजवीकडे परतत. उजेडात नजर एखाद्या वस्तूवर टेकली की ही हालचाल दबते, म्हणून आतापर्यंत ती कोणाला दिसली नव्हती. मग आडवे करून डोके दोन्हीकडे वळवून पाहिले, डिक्स-हॉलपाइकही पुन्हा झाली. त्यात नवे काही निघाले नाही.

व्हेम्पमध्ये मानेच्या स्नायूवर आणि डोळ्यांखाली चिकटपट्ट्यांनी तारा लावतात आणि कानात मोठ्या आवाजाच्या ठोक्यांची मालिका सोडतात. मानेवरच्या चाचणीत आडवे पडून डोके उचलून एका बाजूला वळवून धरायचे, डोळ्यांखालच्या चाचणीत नजर वर ठेवायची. पिशव्यांपैकी सॅक्यूलची परीक्षा पहिलीत आणि युट्रिकलची दुसरीत होते. आवाज खरोखर मोठा असतो. मान दुखू लागते, त्यामुळे मध्ये विश्रांती मागायला संकोच करू नये.

व्हीएनजीचाच भाग असलेली कॅलोरिक चाचणी, म्हणजे कानात गरम आणि थंड पाणी सोडून पाहणे, शेवटी ठेवली होती, आणि लोक जिला घाबरतात ती हीच. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले होते की रुग्णाचा कान धुताना पाणी थंड असले तर डोळे एका दिशेला झटके देतात आणि गरम असले तर उलट दिशेला. १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना या संशोधनासाठी मिळाले आणि ते जाहीर झाले तेव्हा ते रशियाच्या कैदेत युद्धकैदी होते. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी एका कानाला दुसऱ्यापासून पूर्ण वेगळे काढून प्रश्न विचारण्यासाठी ही पद्धत अजून वापरतात. पाण्याचे तापमान १९४२ पासून रूढ झालेले: शरीराच्या ३७ अंशांपेक्षा सात अंश जास्त, म्हणजे ४४, आणि सात अंश कमी, म्हणजे ३०. पाणी पोळत नाही आणि गोठवतही नाही. काही केंद्रांत पाण्याऐवजी हवा सोडतात.

मला डोके तीस अंश उंच ठेवून आडवे केले, चष्म्यावर झाकण लावले आणि उजव्या कानात अर्धा मिनिट कोमट पाणी सोडले. ते कानाखाली धरलेल्या भांड्यात वाहून जात होते. पाणी थांबल्यावर काही क्षण काहीच झाले नाही, आणि मग टेबल माझ्यासह फिरू लागले. नोव्हेंबरची ती सकाळ आठवून मी रेलिंग घट्ट धरले.

‘‘काकू, डोळे मिटू नका हं. मिटलेत तर परत करावं लागेल,’’ ती म्हणाली. ‘‘चिपळूणहून आलात ना? मग चिपळूणपासून इकडची स्टेशनं सांगा बघू.’’

‘‘चिपळूण, आंजणी, खेड, कळंबणी, दिवाणखवटी, विन्हेरे, करंजाडी...’’ करंजाडीनंतर मी अडले. मन दुसऱ्या कामात गुंतवले नाही तर मेंदू डोळ्यांची हालचाल दाबून टाकतो, म्हणून असे प्रश्न विचारत राहतात. उत्तर बरोबर येण्याला महत्त्व नाही. शेवटी चष्म्यात एक बारीक दिवा लागला. त्याच्याकडे पाहताच फिरणे बरेच कमी झाले, आणि तसे ते कमी होणे हाही चाचणीचाच भाग असतो. सगळे दोन मिनिटांच्या आसपास ओसरले. मळमळले, उलटी झाली नाही. पिशवी हातात दिलेली होती.

पाच मिनिटांनी डाव्या कानात तेच ४४ अंशांचे पाणी सोडले. मी श्वास धरून वाट पाहत होते. काहीच फिरले नाही. नुसता किंचित झुलल्यासारखा भास झाला आणि तोही लगेच गेला. मला हायसे वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. ती मुलगी ‘‘बरं,’’ एवढेच म्हणाली आणि टिपण करत राहिली. थंड पाण्याच्या वेळीही तसेच झाले: उजव्या कानाने मला विरुद्ध दिशेला जोरात फिरवले, डाव्याने जवळजवळ काहीच केले नाही. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की चक्कर यायला हवी तिथे ती आली, हे चांगले लक्षण होते. न फिरवणारा कान हाच आजारी कान होता.

सुटल्यावर अर्धा तास तिथेच बसायला लावले आणि दिवसभर वाहन चालवू नका, असे बजावले. टॅक्सीत पुढच्या सीटवर बसून समोर रस्त्याकडे पाहत राहिले तर त्रास कमी होतो. घरी जाऊन सर्वांत आधी चहा घेतला.

अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला आणि संध्याकाळी तिथल्याच तज्ज्ञांनी १,२०० रुपये शुल्क घेऊन तो समजावून सांगितला. कॅलोरिकमध्ये प्रत्येक वेळी डोळे सेकंदाला किती अंश वेगाने सरकले हे मोजतात. उजव्या कानाचे दोन्ही मिळून ५४, डाव्याचे १६. एकूण ७० पैकी फरक ३८, म्हणजे डावी बाजू ५४ टक्क्यांनी दुबळी. त्या केंद्रात पंचवीस टक्क्यांपर्यंतचा फरक सामान्य धरतात. व्हीएचआयटीमध्ये डोके जितके वळले तितकेच डोळे उलट वळले तर १ हा आकडा येतो. आडव्या नलिकेसाठी माझ्या उजव्या बाजूला ०.९६ होते आणि डाव्या बाजूला ०.४८, डावी पुढची नलिकाही कमी होती, पण डावी मागची ठीक होती. मानेवरचा व्हेम्प दोन्हीकडे चांगला आला, डोळ्यांखालचा डावीकडे क्षीण होता.

मला हे आकडे विस्कळीत वाटत होते. डॉक्टरांनी कागदावर तोल सांभाळणारा मज्जातंतू आणि त्याच्या दोन शाखा काढल्या. वरची शाखा आडव्या व पुढच्या नलिकेकडून आणि युट्रिकलकडून बातमी आणते. खालची शाखा मागच्या नलिकेकडून आणि सॅक्यूलकडून. माझ्या अहवालात जे बिघडले होते ते सगळे वरच्या शाखेचे होते आणि जे निर्दोष होते ते सगळे खालच्या. ऐकणे शाबूत होते म्हणून मेनिएर नाही, आणि आतल्या कानाचा संपूर्ण दाहही नाही. निदान झाले: डाव्या बाजूचा व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे त्या मज्जातंतूला आलेली सूज, बहुधा विषाणूमुळे. ‘सगळे नॉर्मल’ अशा शेऱ्यांकडे मी तोपर्यंत वाया गेलेले पैसे म्हणून पाहत होते. निदान मात्र नॉर्मल निघालेल्या चाचण्यांनीच अचूक केले होते, आणि चाचण्या अनेक का लिहून देतात याचे उत्तर त्या कागदावरच्या दोन शाखांत होते.

उपचार अगदीच साधे निघाले. चक्करेच्या गोळ्या हळूहळू बंद करायच्या, कारण दीर्घकाळ घेतल्यास त्या मेंदूला नव्या स्थितीशी जुळवून घेऊ देत नाहीत. त्याऐवजी व्यायाम. फिजिओथेरपिस्टने ६०० रुपयांच्या एका सत्रात ते शिकवले: भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर रोखून, ते पुसट होऊ न देता डोके डावी-उजवीकडे हलवायचे, आधी बसून, मग उभे राहून, मग चालताना. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच्या एका तारखेवर ते करू लागले. पहिले काही दिवस व्यायामाने त्रास वाढतो आणि सोडून द्यावेसे वाटते. तो थोडा वाढणे अपेक्षित असते, मात्र विश्रांतीनंतर बराच वेळ टिकला तर व्यायाम कमी करायचा. फेब्रुवारीअखेर काउंटरवरची मळमळ गेली. एप्रिलमध्ये स्कूटर काढली, तीही आधी गल्लीतच.

आता कागदपत्रांचे. आरोग्यविम्यात बाह्यरुग्ण तपासण्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत, असे धरून मी गप्प बसले होते. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने पॉलिसी वाचायला लावली. रुग्णालयात दाखल झालेल्या आजारासाठी डिस्चार्जनंतर साठ दिवसांपर्यंतचा खर्च माझ्या पॉलिसीत मिळणार होता. ३० नोव्हेंबरपासून साठ दिवस म्हणजे २९ जानेवारी. माझ्या चाचण्या १६ तारखेला झालेल्या. प्रत्येक पॉलिसीत हे दिवस वेगळे असू शकतात, म्हणून चाचणीची तारीख घेण्यापूर्वीच ते पाहून ठेवावे. दाव्याचा अर्ज, डिस्चार्ज कार्डाची प्रत, संदर्भपत्र, मूळ बिले व पावत्या, अहवालांच्या प्रती आणि रद्द केलेला धनादेश असे सगळे टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे, पाठवले. तीन आठवड्यांनी शंका आली: या चाचण्यांचा दाखल झालेल्या आजाराशी संबंध काय? ‘कारण तपासाधीन’ या डिस्चार्ज कार्डावरच्या शेऱ्याकडे बोट दाखवून चिपळूणच्या डॉक्टरांनी चार ओळींचे पत्र दिले, आणि बिलावर चाचण्या वेगवेगळ्या लिहिलेल्या असल्याने त्या पत्रातल्या नावांशी जुळवता आल्या. मार्चअखेर चाचण्यांचे आणि सल्ल्याचे पैसे खात्यात जमा झाले. नोंदणी, व्यायाम आणि प्रवास वगळले. मूळ कागद परत मिळत नाहीत, तेव्हा पाठवण्यापूर्वी सगळ्यांच्या झेरॉक्स काढाव्यात.

२२ जुलैला दादरला फेरतपासणी झाली. कॅलोरिक पुन्हा करण्याची गरज नाही, फक्त व्हीएचआयटी पुरे, असे डॉक्टर म्हणाले. डाव्या आडव्या नलिकेचा आकडा ०.४८ वरून ०.७१ वर आला होता आणि पंचवीस प्रश्नांच्या पत्रकात ५८ ऐवजी १४ गुण आले. या वेळी मी तुतारीतून उतरून थेट लोकलने गेले. त्या दिवशीच्या २,००० रुपयांचा दावा करता आला नाही. साठ दिवस कधीच उलटून गेले होते.